सगळ्यांत मिळून एकच कनेक्शन

९ जानेवारी

केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, प्रोग्राममध्ये काही बदललंत की लिहून ठेवायचं. ते मी लिहीनच, ऑफिसच्या फाइलीत, सभ्य भाषेत. बाकीचं इथे.

तर बारा वर्षांनी मी पुन्हा नोकरीवर. जागा म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं दुकान. बाहेरून काचेतून बघितलं की अजून वाटतं आत सोफे असतील. आत आहेत व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, खालीवर होणारे पलंग आणि ऑक्सिजनची मशिनं. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे ते फोन करतात, इथून वस्तू जाते, गरज संपली की परत येते. कुठली वस्तू कुणाकडे आहे आणि कोण वाट बघतंय, हे सगळं एका प्रोग्राममध्ये. तो पर्ल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. लिहिणाऱ्याला इथे सगळे मूळपुरुष म्हणतात. तो कधीच दुसरीकडे गेला, पण त्याच्या नावाने अजून सगळे चळाचळा कापतात.

प्रोग्रामची पानं, म्हणजे स्क्रीनवर उघडतात ती, कुणीतरी नव्या साच्यात, फ्रेमवर्कमध्ये, आणून टाकलीत, पण जुनी खोड गेलेली नाही. प्रत्येक पान आपलं आपण डेटाबेसकडे, म्हणजे नोंदींच्या कोठाराकडे, जातं, आपलं आपण कनेक्शन, म्हणजे बोलायची तार, उघडतं, वाटेल त्या भाषेत मागतं आणि निघून येतं. मला मध्ये एक थर बसवायचाय. पानाने थराला नुसतं म्हणायचं, अमक्याची व्हीलचेअर दे. डेटाबेसशी काय आणि कसं बोलायचं ते थर बघून घेईल. मार्चअखेरपर्यंत हे जमलं तर मी कायम. नाही जमलं तर नमस्कार.

मला ही नोकरी हवीय. इतकं स्पष्ट मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. हवी म्हणजे हवीच.

नवरा म्हणाला, "कर की. करून बघ. नाही जमलं तर घर आहेच." किती समजूतदार. मैत्रिणींचे नवरे बघते ना मी. सासूबाई टीव्हीपुढे होत्या. हूं नाही की चूं नाही. नंतर नवरा हळूच म्हणाला, "आईला पसंत नाहीये. पण तू नको काळजी करू, मी समजावतो तिला."

१५ जानेवारी

आठवडाभर नुसतं वाचतेय. मूळपुरुषाने कनेक्शन उघडायच्या ओळीशेजारी लिहून ठेवलंय, "याला हात लावू नये." का, ते नाही लिहिलं. फोन केला. म्हणाला, "हं." मी विचारलं, हात का नाही लावायचा? म्हणाला, "आठवत नाही. पण लावू नका." बोला आता.

एका जागी बसवत नाही मला. दर थोड्या वेळाने उठते, पाणी पिते, गोदामात जाऊन येते. गोदामात पाना असतो. दुरुस्ती तोच करतो आणि गाडीही तोच चालवतो. खिशात कायम पाना, म्हणून नाव पाना. आज म्हणाला, "ताई, तुम्हालाच एखादं चाक लावून देऊ का?"

घरी मात्र शांतता. सासूबाई आमच्याकडे आल्याला तीन वर्षं झाली. शाळेत पीटीच्या बाई होत्या. अजून सकाळी बाल्कनीत हातपाय झाडतात, आणि बोलल्याच तर दोन शब्द, तेही हुकूम सोडल्यासारखे. आमचं भांडण मात्र कधी झालेलं नाही. भांडायला बोलावं लागतं. आल्याआल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं स्वयंपाकघरातलं कपाट लावून टाकलं. मी नवऱ्याला म्हटलं, आईंना सांग, कपाटाला नको हात लावू. तो जाऊन आला. "आई म्हणाली, ठीक आहे, मी स्वयंपाकघरात पाऊलच टाकणार नाही." इतका ताठा! तेव्हापासून मी घरात असताना त्या तिकडे फिरकत नाहीत, आणि काही सांगायचं झालं तर मी नवऱ्याला सांगते. बिचारा. दोन्हीकडून मार त्यालाच.

२२ जानेवारी

चाललं! चाललं! चाललं!

थराने डेटाबेसमधले सगळे तक्ते स्वतः वाचून घेतले आणि त्यांचे सांगाडे तयार केले. मी एका ओळीत विचारलं, गोदामातली पहिली व्हीलचेअर दे. आली. नंबरासकट, "डावं चाक कुरकुरतं" या शेऱ्यासकट. मी टाळ्या वाजवल्या. फोनताई दचकल्या. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला. या फोनताई म्हणजे केंद्राचा कान आणि तोंड. येणारा प्रत्येक फोन त्या घेतात आणि सगळ्या जगाला "बाळा" म्हणतात.

घरी सांगितलं. नवरा हसला. "सगळं आपोआप होतंय तर मग तू काय करतेस तिकडे?" चेष्टेखोर आहे पहिल्यापासून. मीही हसले. थोडं उशिराने हसले, पण हसले.

एक लिहायचं राहिलं. हल्ली माझा डबा तयार असतो. मी उठून आंघोळ उरकून येईपर्यंत ओट्यावर भरलेला. मी काही मागितलं नव्हतं. भाजी एकीकडे, फळाच्या फोडी दुसरीकडे, सगळ्या एका मापाच्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या ओळीत. वरून दोन रबर, झाकण उडू नये म्हणून. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, किती करतोस तू." तो म्हणाला, "त्यात काय." एरवी याला स्वतःच्या मोज्याची जोडी सापडत नाही. माणूस बदलतो हेच खरं.

३ फेब्रुवारी

सगळी पानं एकदम थरावर आणणं अशक्य आहे. मेहनत करून मरेन मी. म्हणून असं ठरवलंय: नवी पानं थराशी बोलतील, जुनी काही दिवस जुन्याच पद्धतीने. पण प्रत्येक पानाने उठसूट नवीन कनेक्शन उघडायचं ही उधळपट्टी बंद. प्रोग्राम सुरू होतानाच मी थराकडून एक कनेक्शन काढून घेतलं आणि हाताशी ठेवलं. सगळ्या जुन्या पानांना तेच. सगळ्यांत मिळून एकच. किती सुटसुटीत. मूळपुरुषाला हे सुचलं कसं नाही याचं आश्चर्य वाटतं.

आज फार बरं वाटत होतं. घरी गेले आणि फुगा फुटला. नवरा म्हणाला, "आई म्हणत होती, तुझं घरात लक्ष नसतं हल्ली. दारावरचा दिवा कधीचा गेलाय." तळपायाची आग मस्तकात गेली. दिवा बदलायला या घरात मी एकटीच आहे का? तिथल्या तिथे स्टूल ओढलं आणि चढले. सासूबाई आल्या आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून उभ्या राहिल्या. खालून टक लावून बघत होत्या. पडते कधी याची वाट बघत असणार.

१२ फेब्रुवारी

लेकीची परीक्षा मार्चमध्ये. माझी मुदतही मार्चमध्ये. जेवताना नवऱ्याने विषय काढला. सासूबाई आत औषध घ्यायला गेल्या होत्या. "आई म्हणते, परीक्षा होईपर्यंत तरी हे नोकरीचं थांबवता येणार नाही का?"

मी म्हटलं, "आईंना सांग, नाही येणार."

लेक म्हणाली, "आजी असं म्हणाली? कधी?"

"तू अभ्यास कर," नवरा म्हणाला.

"नाही, पण कधी? मी तर दिवसभर आजीपाशीच होते."

"मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही."

मीही तिला दटावलं. हल्ली फार फाटे फोडते. आजीच्या खोलीत बसून अभ्यास करते, सवयी पण तिच्याच लागल्यात. नवरा उठून आत गेला माझा निरोप द्यायला. परत येऊन म्हणाला, "दुखावली ती." मला वाईट वाटलं, मग राग आला, मग वाईट वाटल्याचा राग आला. झोप म्हणून लागली नाही.

२० फेब्रुवारी

आज नवा थर चालू केला. खऱ्या सर्व्हरवर, जिथून सगळं केंद्र प्रोग्राम वापरतं तिथे. माझ्या कॉम्प्युटरवर दहा वेळा तपासला होता. मॅडम शेजारी उभ्या. फोनताईंनी पहिला फोन घेतला, वॉकर शोधला, मिळाला. दुसरा, मिळाला. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातातच सगळं आलं.

पाना म्हणाला, "ताई, आज तुम्ही तीन तास खुर्चीत बसलात. केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदा."

२१ फेब्रुवारी

सकाळी फोन वाढले आणि सगळ्याचा विचका झाला.

कुबड्या मागणाऱ्याच्या दारात कमोडची खुर्ची. तो तरुण, फुटबॉल खेळताना पाय मोडलेला, दारात सगळं मित्रमंडळ जमलेलं. मित्रांनी खुर्चीत बसवून त्याचे फोटो काढले म्हणे. पाना हसत हसत सांगत होता. मीही हसले. मग फोनताई म्हणाल्या, "बाळा, मी एका आजींचं नाव टाकलं आणि समोर भलत्याच माणसाचा पत्ता आला. परत टाकलं तर बरोबर आला." माझं हसू मावळलं.

पळत जाऊन माझ्या कॉम्प्युटरवर तेच करून बघितलं. सगळं बरोबर. शंभरदा केलं, शंभरदा बरोबर. शेवटी मी मॅडमना ते वाक्य ऐकवलं, जे ऐकवायचं नाही अशी प्रत्येक प्रोग्रामरने शपथ घेतलेली असते: "माझ्याकडे तर चालतंय." त्या म्हणाल्या, "मग काय, लोकांना तुमच्याकडे पाठवू?"

डेटाबेसच बिघडलाय. दुसरं काय असणार? विचारावं एक आणि सांगतो भलतंच.

२४ फेब्रुवारी

हे लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

एका म्हाताऱ्या गृहस्थांसाठी ऑक्सिजनचं मशीन आज सकाळी जायचं होतं. गेलं. भलत्याच घरी. त्या घराने पलंगाचा कठडा मागितला होता. त्यांना वाटलं कठड्याबरोबर मशीनही देतात, म्हणून कोपऱ्यात ठेवून दिलं. इकडे या गृहस्थांचा मुलगा फोन करतोय आणि आमच्या स्क्रीनवर "पोचलं." पुन्हा फोन, पुन्हा "पोचलं." शेवटी तो स्वतः आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. काउंटरला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबांना बसूनसुद्धा श्वास घेता येत नाहीये हो." फोनताईंनी प्रोग्राम बाजूला सारला, कालपासून गाडी जिथे गेली त्या एकेका घरी फोन लावला, मशीन शोधून काढलं, आणि पाना गाडी घेऊन असा सुटला की बस. दुपारी मुलाचा फोन आला, बाबा ठीक आहेत. तेव्हा कुठे जिवात जीव आला. तोवर मी गोदामात वॉकरच्या रांगेमागे उभी होते. कुणाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

मॅडमनी जुना प्रोग्राम परत लावला. मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. "शुक्रवारपर्यंत कारण सांगा. दुरुस्ती नको, कारण. कारण कळलं नाही तर हा थर परत लागणार नाही, आणि मग तुम्हाला ठेवून मी करू काय?"

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं, सासूबाईंसमोर, हॉलमध्येच. सासूबाई उठून आत गेल्या. तो मागोमाग त्यांच्या खोलीत गेला, आला आणि म्हणाला, "आई म्हणतेय, राजीनामा देऊन मोकळी हो. लोकांच्या जिवाशी खेळ नको."

लोकांच्या जिवाशी खेळ. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. कुणी तरी दोनदा दार ठोकलं. बाहेर आले तर दारापाशी पाण्याचा ग्लास आणि सासूबाईंची पाठ, त्यांच्या खोलीकडे जाणारी. एवढा वेळ बाथरूम अडवून बसले म्हणून ठोकलं असणार.

२६ फेब्रुवारी

काही नाही. काहीही सापडत नाही. राजीनाम्याचं पत्र मनातल्या मनात तयार झालंय, नुसतं टाइप करायचं बाकी आहे. नवरा फार प्रेमाने वागतोय. "सुटशील एकदाची," म्हणाला. डबा आजही होताच. फोडी आज जास्तच बारीक. सगळा डबा संपवला, चव एकाही घासाची कळली नाही.

२८ फेब्रुवारी

सापडलं.

काल संध्याकाळी बसमध्ये एकदम डोक्यात आलं की माझा कॉम्प्युटर आणि तिकडचा सर्व्हर यांत एक फरक आहे. माझ्याकडे प्रोग्राम एकटा चालतो. सर्व्हरवर तो सुरू झाला की आपल्यासारखेच आठ काढतो, एकाच वेळी आठ जणांची कामं व्हावीत म्हणून. त्यांना आम्ही पिल्लं म्हणतो. तर आज सकाळी मी माझ्याकडेही आठ पिल्लं काढली, आणि फोनताई, पाना, मॅडम, सगळ्यांना एकेका कॉम्प्युटरपुढे बसवलं. एकेक नाव दिलं. म्हटलं, मी हात खाली केला की सगळ्यांनी एकदम दाबायचं.

"बक्षीस काय?" पाना.

"दाबा!"

दाबलं. आणि पानाच्या स्क्रीनवर मॅडमचा पेशंट, मॅडमच्या स्क्रीनवर फोनताईंचा. फोनताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, झालं की!" मी अक्षरशः उडी मारली. दुखणं डोळ्यांसमोर झालं की अर्धं काम झालं.

मग प्रत्येक पिल्लाला विचारलं, तू कोण आणि तुझं कनेक्शन कुठलं? पिल्लं आठ, वेगवेगळी. कनेक्शन सगळ्यांचं एकच. माझंच ते. प्रोग्राम सुरू होताना, पिल्लं निघायच्या आधी, मी उघडून हाताशी ठेवलेलं, सुटसुटीत. प्रत्येक पिल्लू जन्माला येताना तेच घेऊन आलं. सगळे एकाच तारेवरून विचारणार, उत्तरं त्याच तारेवरून येणार, आणि ज्याचा हात आधी पडेल तो समोरचं उत्तर उचलून आपलं म्हणून घेऊन जाणार.

बिचारा डेटाबेस! आठवडाभर मी त्याला शिव्या घातल्या. त्याने प्रत्येकाला बरोबर तेच उत्तर दिलं होतं. ज्याने विचारलं त्याच्यापर्यंत ते पोचत नव्हतं, एवढंच. आणि थराचीही चूक नाही. दर वेळी थराला विचारलं असतं, तर त्याने ओळखलं असतं की हे पिल्लू नवीन आहे, आणि त्याला त्याचं स्वतःचं कनेक्शन उघडून दिलं असतं. मी थराला बाजूला ठेवून एकदाच काय ते घेतलं आणि तेच सगळ्यांना वाटत बसले. मूळपुरुषाची पानं दर वेळी आपलं आपण दार उघडत होती. याला हात लावू नये. आत्ता कळलं का ते.

मॅडमना सांगितलं. त्यांनी दोनदा समजावून घेतलं. म्हणाल्या, "उद्या दुरुस्त करा, सोमवारी दाखवा. आज घरी जा, चेहरा बघा तुमचा."

घरी कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो आईला सांगणार, मग आईचं काही तरी येणार. मला आजचा दिवस माझा हवा होता.

१ मार्च

दुरुस्ती डोक्यात इतकी वळवळत होती की उजाडायच्या आत जाग आली. चहा करावा म्हणून उठले. स्वयंपाकघरात दिवा लागलेला. म्हटलं, चला, नवऱ्याला रंगेहाथ पकडू या.

सासूबाई. ओट्याशी, पाठमोऱ्या. माझ्या डब्याला रबर लावत होत्या.

"आई? तुम्ही?"

त्या अशा दचकल्या की रबर उडून माझ्या पायाशी पडलं. "जाते," म्हणाल्या. "झालंच आहे माझं."

"रोज तुम्ही भरता?"

"मग कोण?"

"मला वाटलं, हा."

सासूबाई हसल्या. मी तीन वर्षांत त्यांना हसताना ऐकलेलं नव्हतं. "तो? त्याला झाकण सापडतं का?"

मीही हसले. मी म्हटलं, "सांगितलं का नाहीत?"

"तुला नको होतं ना माझ्या हातचं. म्हटलं, तोंडाने नको म्हणते, पण डबा रिकामा येतो. मग भरत राहिले."

"मी कधी नको म्हटलं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे. कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी त्यांना बसायला स्टूल दिलं. तेच, दिव्याचं.

"आई, मागे तुम्ही म्हणालात ना, स्वयंपाकघरात पाऊलच टाकणार नाही..."

"मी?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, कपाट नको तर नको. मग मी दिवसभर करू काय, तेवढं विचार तिला. वाट बघितली. काही आलंच नाही तुझ्याकडून."

तीन वर्षं या बाईचा प्रश्न माझ्याकडे यायचा होता. आता थांबवेना. विचारूनच टाकलं. "आणि परवाचं? राजीनामा दे, लोकांच्या जिवाशी खेळ नको?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या, सरळ, मैदानात राहतात तशा. "मी असं बोलेन? मी विचारलं, त्या म्हाताऱ्याला मशीन मिळालं का. आणि म्हटलं, तिला सांग, कारण सापडेपर्यंत जागची हलू नकोस. मधेच मैदान सोडायचं नाही." मग म्हणाल्या, "मिळालं का त्याला?"

"मिळालं," मी म्हटलं. "बरे आहेत ते. आणि कारणही सापडलं. काल."

"मग काल का नाही सांगितलंस?"

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्या लाकडासारख्या ताठ उभ्या होत्या. मग त्यांचा हात आला पाठीवर, दोनदा, पहिला नंबर आलेल्या मुलाला थोपटतात तसा. दुसऱ्या हातात रबर होतंच.

चहा मी केला. दोघींनी उभ्यानेच घेतला.

२ मार्च

नवऱ्याला विचारलं. सरळच. "आई असं म्हणाल्या होत्या का?"

तो वर्तमानपत्रातून बाहेर आला. "शब्दशः नाही गं. पण तिच्या मनात तेच होतं. मी ओळखतो तिला."

"आणि त्यांच्या हातचं नको, हे माझ्या मनात होतं?"

"तुम्हा दोघींमध्ये मी तीन वर्षं भांडण होऊ दिलं नाही, त्याचं हे बक्षीस!" असं म्हणून तो उठूनच गेला. जाताना चष्मा विसरला, तो घ्यायला परत आला. मुद्दाम नसेल करत. त्याला शांतता लागते घरात. असेल. पण मला राग आलाय आणि तो जात नाहीये, आणि या वेळी मी तो घालवणारही नाही. लेक आतून ओरडली, "मी म्हटलं नव्हतं?"

३ मार्च

थर पुन्हा चालू. जुनी पानंही आता दर वेळी थरालाच विचारतात. प्रत्येक पिल्लाला त्याचं स्वतःचं कनेक्शन. सगळ्यांना पुन्हा बसवलं, हात खाली केला, दाबलं. ज्याचं त्याला. पाना म्हणाला, "मजा गेली ताई."

१४ मार्च

काही नाही. फोन येतात, वस्तू जातात, ज्याच्या त्याच्या दारात. कुणाला प्रोग्राम आठवतच नाही. यासारखं दुसरं सुख नाही. घरी सासूबाई माझं कपाट पुन्हा लावतायत. डबे उंचीप्रमाणे उभे केलेत. एक वस्तू सापडेल तर शपथ. चिडचिड होतेच, आणि आता ती मी त्यांच्याच तोंडावर करते. त्याही ऐकवतात. काल चांगलं जुंपलं आमचं. नवरा मध्ये पडायला उठला, तर दोघी एकदम म्हणालो, "तू बस."

३१ मार्च

मॅडमनी दुपारी आत बोलावलं. टेबलावर कागद होता, पण त्यांनी तो आधी दिला नाही. आधी विचारलं, "पुढच्या महिन्यात दुसरं केंद्र उघडतोय. त्यांनाही हाच प्रोग्राम लावायचा. जमेल?" मी म्हटलं, "म्हणजे मी...?" त्या म्हणाल्या, "मग काय दुसऱ्या कुणाला विचारतेय?" मग कागद दिला. कायम.

गोदामात गेले. वॉकरच्या रांगेमागे, त्याच जागी. फोन काढला. पहिलं नाव नवऱ्याचंच वर आलं, सवयीने. बोट तिथपर्यंत गेलं आणि थांबलं. मग सासूबाईंना लावायला गेले तर नंबरच नाही. तीन वर्षं एका घरात राहतोय आणि माझ्या फोनमध्ये सासूबाईंचा नंबर नाही. लागलाच कधी नव्हता. लेकीला मेसेज केला. तिने नंबर पाठवला आणि पुढे डोळे फिरवणारं तोंड.

बराच वेळ वाजला. मग फोन उचलला गेला.

"कोण?"

"मी, आई."

"कोण मी?"

"मी हो. तुमची सून."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"झालं आई. कायम केलं मला."

"हं," म्हणाल्या. नाक ओढल्याचा आवाज आला, की मला वाटला. मग एकदम पीटीचा आवाज. "त्याला सांगितलंस?"

"नाही अजून. लावतेच आता."

"नको लावूस," सासूबाई म्हणाल्या. "त्याला मी सांगते."